मागच्या रांगेतली झील

त्या वर्षी देवापुढचा दिवा मी लावायचा म्हणून लावत होते. वात पेटवायची, हात जोडायचे आणि मनातल्या मनात म्हणायचं, माझं काम मी केलं, तुझं तू कधी करणार ते बघ. लहानपणापासून देवाशी माझं असंच. रुसायचं, भांडायचं, पण दिवा चुकवायचा नाही. त्या दिवसांत मात्र भांडायचीही हौस उरली नव्हती. माझ्या सासूबाई, त्यांना घरात सगळे आत्याबाई म्हणत, मागे बसून माळ ओढत असायच्या. त्यांना माझ्या पाठीवरूनच सगळं कळायचं. "हात जोडल्यात गं, पर मन कुठं हाय तुजं?" असं त्या विचारायच्या आणि मी चुलीकडे वळायची. मन कुठे असणार? ते ओसरीवर बसलेल्या यांच्यापाशी असायचं. मघाशी दुकानातून काय आणायला सांगितलं होतं ते यांना आठवतंय का, याकडे माझे कान लागलेले असायचे.

घर आमचं उंब्रजला, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. हे मालट्रक चालवायचे. एकदा गेलेला रस्ता आणि दोनदा ऐकलेला अभंग हे कधी विसरले नाहीत. दर रविवारी दिवेलागणीला भैरोबाच्या देवळात भजन असे, तेव्हा वीणा यांच्या गळ्यात असायची. पुढे उभं राहून हे अभंगामागून अभंग म्हणत, समोर वही नाही की कागद नाही. गावातली पोरंच नव्हे, यांच्याहून वयानं थोर माणसंही यांच्याकडून चाली शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नवरा ड्रायव्हर मिळालाय. पहिल्या रविवारी देवळात बायकांच्या बाजूला बसून यांचं गाणं ऐकलं आणि मनात म्हटलं, बापानं उगीच नाही आपल्याला इतक्या लांब दिलं. माहेर माझं कवठे महांकाळचं. तिकडे पाण्याची ओरड कायमची, पण माणसं गाण्याची शौकीन.

पुढे तो मोठा दुष्काळ पडला. माझ्या माहेरच्या भागात माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. बाहेरच्या देशातून लाल मिलो ज्वारी येई आणि ती ट्रकनं गावोगाव पोचवावी लागे. हे त्या खेपा करायचे. एक खेप उतरवली की दुसरी तयार, दुसरीच्या मागे तिसरी. मी म्हणायची, "आवं, एक दीस तरी पडा की." तर हे म्हणायचे, "तुज्या म्हायेरात चूल पेटली न्हाई आन् मी हितं घोरत पडू व्हय?" मग मी भाकरी बांधून द्यायची. रस्त्याकडेच्या एका हॉटेलावर सोबतच्या ड्रायव्हरनं यांना जागं राहायची गोळी दिली. झोप येत नाही, भूक लागत नाही, डोकं लख्ख होतं, असं त्यानं सांगितलं. पहिल्या पहिल्यांदा खरंच तसं झालं. हे घरी आले की डोळे चमकत असायचे, तोंडाला खळ नसायचा, अभंगामागून अभंग धडाधडा म्हणून दाखवायचे. मला वाटलं, दुष्काळात माणसं खंगली आणि माझा नवरा मात्र उजळला.

दुष्काळ सरला, पण गोळी सुटली नाही. एकीनं भागेना म्हणून जास्त लागायला लागल्या. जेवण तुटलं, गालफडं बसली, रिकामे बसले तरी दातांवर दात घासत राहायचे. मग संशय आला. मागून एक गाडी सारखी येते, असं म्हणायचे. शेवटी कोयनानगरला माल घेऊन जाताना घाटातल्या एका वळणावर ट्रक उभा केला आणि खाली उतरून दगडाआड लपून बसले. मागे कुणीही नव्हतं. नंतर आलेल्या एका ड्रायव्हरनं यांना ओळखलं आणि घरी आणून सोडलं. घरी आले ते झोपले. भाकरीला उठवावं तर उठेनात, उठले तर रडायचे. त्याच दिवसांत आमची मुलगी जन्मली. बारशाला माझ्या नणंदेनं बाळाच्या कानात शालन असं नाव सांगितलं. हे पाळण्याची दोरी धरून उभे होते, हसतही होते. दुसऱ्या दिवशी तिला उचलून घेतलं आणि म्हणाले, "ये इंदू."

इंदू म्हणजे यांची धाकटी बहीण, तीच नणंद. मी म्हटलं, शालन. हे म्हणाले, व्हय की, शालन. संध्याकाळी पुन्हा इंदू. लेक यांच्या काळजाचा तुकडा होती, रडली की पहिल्यांदा हेच धावायचे, पण नाव काही डोक्यात बसेना. नवं काहीच बसेना. रॉकेल आणायला गेले तर दुकानापर्यंत जाऊन परत यायचे आणि मला विचारायचे, काय म्हणली हुतीस? जुनं पुष्कळ शाबूत होतं, पण नेमक्या वेळी हाताला लागत नव्हतं. एका अभंगाचा पहिला चरण म्हणायचे आणि त्याला दुसऱ्याच अभंगाचा शेवट जोडायचे. स्वतःला ते कळायचं, ही त्यातली वाईट गोष्ट. मग त्या दिवशी पुन्हा गायचे नाहीत.

गावानं यांना टाकलं असतं तर मी गावाशी भांडले असते. गावानं उलटं केलं. हे जरा हिंडूफिरू लागल्यावर रविवारी यांचे बालमित्र दादू घरी आले आणि यांना हाताला धरून देवळात घेऊन गेले. वीणा यांच्या गळ्यात घातली, पुढे उभं केलं. आमच्याकडे वीणेकऱ्याची जागा मानाची. जिवंतपणी ती कुणी काढून घेत नाही. मोठ्या मनानं दिली होती त्यांनी. हे उभे राहिले, तारेवरून बोट फिरवलं, पहिला चरण म्हटला. पुढे काही येईना. मागची सगळी माणसं टाळ धरून वाट बघत राहिली. दादूंनी हळूच पुढची ओळ सुचवली, तसे हे आणखीनच गोंधळले. वीणा काढून देवापुढे ठेवली आणि अनवाणीच घरी आले. चपला दादूंनी आणून दिल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. माणसं इतकी प्रेमळ की कुणाच्या डोक्यातच येईना, की या माणसाला थोडे दिवस मागे बसू द्यावं. 'उस्ताद, आज जमतंय बगा,' असं म्हणून वीणा पुढे करायची आणि यांनी ती घालायची. एका रविवारी मात्र यांचे डोळे पुन्हा चमकत होते. त्या दिवशी अभंग बरा झाला. घरी आल्यावर मी यांचा सदरा धुवायला घेतला आणि खिशात गोळी सापडली. मी काही बोलण्याआधी हेच म्हणाले, "ती घेटली की समदं आठवतंय असं वाटतंय गं. लोकं पुढं हुबं करत्यात, मी करू काय?" मला राग आला होता, तो तिथेच गळाला. ज्या गोळीनं यांची आठवण पोखरली तिच्याकडेच हे आठवण मागायला जात होते, आणि मान राखायचा म्हणून जात होते. हे असंच चालू राहिलं तर हा माणूस आपल्या हाती लागणार नाही, हे मला त्या सदऱ्यासमोर बसल्या बसल्या कळलं.

सांगलीत मनाच्या आजारांवर इलाज करणारे एक डॉक्टर होते. माझ्या भावाला ते माहीत होते. गावात अशांना वेड्यांचा डॉक्टर म्हणत, म्हणून आम्ही कुणाला न सांगता पहाटेच्या एसटीनं निघालो. आत्याबाई नवस बोलणाऱ्या, उतारा टाकणाऱ्या बाई, मला वाटलं अडवतील. त्यांनी भाकरीचं गाठोडं बांधून दिलं आणि म्हणाल्या, "डागदरात बी देवच आसतोय की. जा." त्या माउलीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी यांना काही शब्द सांगितले, बैल, दिवा, साखर, रस्ता असे. मग इकडचं तिकडचं बोलले, पिकापाण्याचं विचारलं, आणि अचानक म्हणाले, मघाचे शब्द सांगा बघू. यांना दिवा तेवढा आठवला. डॉक्टर हसले नाहीत की त्यांनी मान हलवली नाही. खुर्ची जवळ ओढून घेतली आणि आम्हा दोघांना समजेल असं सांगितलं. म्हणाले, "हे वेड नाही. मेंदू दुखावला आहे. दमलेल्या बैलाला पराणी टोचली की तो धावतो, पण त्याचा दम भरून येत नाही. तशी ही गोळी. नवी गोष्ट डोक्यात बसायला आधी लक्ष लागतं, मग शांतता लागते, आणि रात्रीच्या झोपेत ती पक्की होते. गोळीनं या तिन्हींची मोडतोड केली. शिवाय नवी आठवण जिथे धरून ठेवली जाते, त्या मेंदूच्या भागाचीच ताकद कमी झाली आहे. जुनं बरंचसं आहे, पण शोधायला वेळ लागतो."

यांनी विचारलं, "डागदर, म्या परत शिकू शकीन का?" हा प्रश्न विचारायला यांना किती बळ लागलं असेल ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी खोटी आशा लावली नाही. म्हणाले, "काही परत येईल. किती, ते मला सांगता येणार नाही. मेंदूचं आम्हालाही अजून थोडंच कळलंय. पण गोळी पुन्हा घेतलीत तर आलेलंही जाईल, एवढं नक्की." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वेळेवर झोप, पोटभर जेवण, रोजचा एकच क्रम. शिकवायचं ते थोडं, आणि पुन्हा पुन्हा. यांना चुकू देऊन मग सुधारू नका. आधी तुम्ही सांगा, लगेच त्यांच्याकडून म्हणवून घ्या." माणूस सरळ होता, बोलणं सरळ होतं. पण बाहेर आल्यावर माझं मन खचलं. ज्या माणसानं गावाला शिकवलं त्याला मी बालवाडीतल्या मुलासारखं म्हण म्हण करायचं? आणि ते यांना सोसणार होतं का?

एसटी स्टँडवर आलो. शालन भुकेजली होती, म्हणून मी एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तिला घेतलं. हे गाडीची चौकशी करायला म्हणून गेले. लेकरू पिऊन झोपलं तरी हे परतले नाहीत. मी चौकशीच्या खिडकीशी गेले, हॉटेलात डोकावले, दोन्ही दारांशी बघितलं. माझ्या मनात पहिला विचार गोळीचाच आला. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं यांच्या जिव्हारी लागलं असणार, आणि स्टँडवर ड्रायव्हरांना काय तोटा? मी लेकराला छातीशी धरून बाहेर धावले. पेरू विकायला बसलेल्या एका बाईला यांचं वर्णन सांगितलं, तर ती म्हणाली, "पांडऱ्या टोपीवालं? तोंड पाडून चाल्लं हुतं त्येच न्हवं? नदीकडं गेलं की." नदी म्हटल्यावर दुसराच विचार मनाच्या दाराशी आला. तो विचार मी तेव्हा मनात पुरता येऊ दिला नव्हता आणि आजही त्याच्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. मी फक्त देवाचं नाव घेत चालत सुटले. त्या वेळी मी त्याच्याशी भांडले नाही. काही मागितलंही नाही. नाव तेवढं घेत होते, एकामागून एक.

घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या आणि टाळांचा आवाज आला. उतारावर एक लहानसं देऊळ होतं. मंडपात दुपारचं भजन चाललं होतं. पुढे एक म्हातारा एकतारी घेऊन बसला होता, तोंडात दात नाही, डोक्याला भलंमोठं मुंडासं. त्यानं ओळ म्हणायची आणि तिचं शेपूट मागच्यांनी उचलायचं. याला आमच्याकडे झील धरणं म्हणतात. ती झील माझ्या कानावर पडली आणि मी पायरीवरच थांबले. त्या आवाजांत यांचा आवाज होता. मोकळा, खालच्या पट्टीतून वर चढणारा, कित्येक महिन्यांत न ऐकलेला. हे सगळ्यांत मागच्या रांगेत, खांबाला पाठ न टेकता ताठ बसून, कुणीतरी दिलेले टाळ वाजवत होते. अभंग यांच्या माहितीतला नव्हता, कन्नड वळणाचा होता. तरी कुठे अडत नव्हतं. म्हातारा ओळ संपवायचा आणि नुकतेच ऐकलेले ते शेवटचे शब्द यांनी उचलायचे, पुन्हा उचलायचे, पुन्हा उचलायचे. चुकायला जागाच नव्हती. थोड्या वेळानं मी बघितलं तर यांचे ओठ म्हाताऱ्याच्या बरोबरीनं आधीच हलायला लागले होते. मी लेकराच्या अंगावर मान टाकून रडले.

भजन संपल्यावर म्हाताऱ्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. "बस की अव्वा. तुजा मालक व्हय ह्यो?" मी मान हलवली. तो म्हणाला, "दारात हुबा हुता. कुठं जायचं इच्यारलं तर सांगता यीना. गाणं येतंय का म्हणलं तर रडाय लागला. म्हणलं, येऊ दे न्हाईतर न येऊ दे अप्पा, जाऊन मागं बस. पुढचं ध्येनात ठिवायचं काम माजं. तू फकस्त मागचं उचल."

मी म्हटलं, "बाबा, आमच्या गावात ह्यांच्या गळ्यात वीणा आसती. ह्ये कवा मागं बसलं न्हाईत."

"मग तर लय दमला आसंल," म्हातारा म्हणाला. मग हसून म्हणाला, "मी बी इसरतो की. ह्या वयात किती ध्येनात ऱ्हाणार? इसरलो की मी तार छेडत बसतो, ह्ये मागचे झील वडत बसत्यात. तवर पुढचं येतंय. न्हाई आलं तर त्योच चरण परत. देवाला काय गडबड हाय व्हय?"

त्यानं आमचं नाव, गाव, जात, आजार यांतलं काही विचारलं नाही. तो जत भागातला, एवढंच त्याच्या बोलण्यातून कळलं. हे त्याच्या पाया पडले. उठताना म्हातारा म्हणाला, जावा, गाडी घावंल तुमाला. स्टँडवर आलो तर आमची एसटी अजून उभी होती. चाक बदलत होते. याला काय म्हणायचं ते मी कधी ठरवलं नाही. गाडीत बसलो आणि हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून कराडपर्यंत गाढ झोपले. गोळीची सवय लागल्यापासूनची ती पहिली शांत झोप.

गावात आल्यावर मी दादूंना घरी बोलावलं आणि सांगितलं, आता यांना वीणा देऊ नका, मागे बसू द्या. दादू चपापले. "वैनी, आवं आमाला त्येनं शिकिवलं. त्येला पोराटोरांत मागं बसवू? पाप लागंल आमाला." आत्याबाईंनाही ते रुचलं नाही. माझ्या पोराची जागा गेली म्हणतील, म्हणाल्या. मी म्हटलं, "जागा ऱ्हाईल आन् माणूस जाईल, मग काय करायची जागा?" ते कुणाला पटलं नाही. पुढच्या रविवारी मी आत्याबाईंना घेऊन देवळात गेले. सवयीनं दादूंनी वीणा पुढे केलीच. यांनी ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि दादूंच्याच गळ्यात घातली. मग पुढून मागे चालत गेले, सगळ्या माणसांच्या मधून, आणि दाराजवळ नवशिकी पोरं बसतात तिथे मांडी घालून बसले.

मी यांना घाटात ट्रक काढताना बघितलं आहे, पुराच्या पाण्यात बैल सोडवताना बघितलं आहे. पण त्या दिवशी देवळात हे जे चालत गेले, त्याहून मोठं काही मी यांच्या हातून झालेलं पाहिलं नाही. मला तेव्हा माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की पदरानं तोंड झाकून घ्यावं लागलं. दादूंनी अभंग धरला. मधेच त्यांना चरण आठवेना. पुढे सगळं थांबणार, तेवढ्यात मागून यांनी झील तशीच चालू ठेवली, तेच शब्द घोळवत, आणि घोळवता घोळवता पुढचा चरण यांच्याच तोंडून आला. यांना तो आठवला हे यांना कळलंही नसावं. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला.

मग आमच्या घरातही झील सुरू झाली. मी म्हणायची, "रॉकेल आन् चापूड." हे म्हणायचे, "रॉकेल आन् चापूड." अंगणातून पुन्हा, फाटकातून पुन्हा, आणि दुकानापर्यंत तेच घोळवत जायचे. गावातली रिकामी माणसं हसायची, हेही हसायचे. आत्याबाई सुरुवातीला म्हणायच्या, "काय बाई राज्य! बायकू म्होरं आन् नवरा झील धरतोय." पण थोड्या दिवसांनी त्याच मला म्हणाल्या, माझंबी जरा म्हणून घे गं, माज्याबी ध्येनात ऱ्हाईना. ट्रक यांनी सोडला. उसाला पाणी पाजायचं काम धरलं. कुठली सरी भरली नि कुठली राहिली ते विसरायचे, म्हणून प्रत्येक सरी मोठ्यानं सांगत पाणी वळवायचे. तारळी नदीच्या काठानं जाणारा येणारा थांबून ऐकायचा. दिवस मावळला की जेवण, जेवण झालं की झोप, यात मी कुणाच्या बापाला बदल करू दिला नाही.

सगळं सरळ गेलं असं मात्र नाही. मधे काही दिवस इतके वाईट जायचे की हे मळ्यातून परतायची वाटच चुकतील असं वाटायचं. एकदा जुना सोबतचा ड्रायव्हर दारात आला, गाडी हमरस्त्याला उभी करून. "गड्या, कसला मातीत राबतुयास, चल की," म्हणाला आणि पुढे करून मूठ उघडली. मुठीत काय आहे ते मला दारातून दिसत होतं. मी ओरडणार होते. यांनी त्याच्याकडे बघितलं, त्याची मूठ हळूच मिटवली आणि म्हणाले, "न्हाई रं. आता माजं पुढचं कुणीतरी बगतंय." तो ड्रायव्हर चहा पिऊन गेला.

पुढे माहेरी जाताना आम्ही दर वेळी सांगलीला उतरून त्या देवळात जायचो. तो म्हातारा पुन्हा भेटला नाही. पुजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, घाटावर कितीतरी मंडळी येतात, भजन करतात, जातात. मुंडाशावाले तर सगळेच. आम्ही देवापुढे नारळ ठेवायचो आणि थोडा वेळ मागच्या खांबापाशी बसायचो. डॉक्टरांनाही भेटायचो. त्यांना मी भजनाची हकिकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, दोनदा विचारून नीट समजून घेतली आणि म्हणाले, "मी सांगितलेलंच ते, पण मला असं सांगता आलं नसतं." एवढा शिकलेला माणूस इतकं मोकळेपणानं बोलला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि ती दुपार. शालन तेव्हा धरून धरून चालायला लागली होती. नाव तोवर आम्ही असंच चालवत आणलं होतं. मी आधी म्हणायची शालन, मग हे म्हणायचे शालन. एकट्यानं हाक मारायची वेळ आली की हे बाळे म्हणून वेळ मारून न्यायचे. मला ते कळायचं आणि मी कळल्याचं दाखवायची नाही. त्या दुपारी मी आत भाकरी थापत होते. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. हे अंगणात दोरी वळत बसले होते. यांची टोपी घेऊन पोर कुठेतरी निघाली असावी, कारण बाहेरून हाक आली, "शालन, कुठं चाललीस माजी टोपी घिऊन? शालन!"

माझे हात पिठात होते. इतक्या महिन्यांची सवय, मी कामाच्या नादात मागचं उचललं, "शालन." म्हटलं आणि माझी भाकरी हातातच राहिली. पुढून कुणीच सांगितलं नव्हतं. या वेळी ओळ यांनी म्हटली होती आणि झील मी धरली होती. मी दारात आले. यांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण दोरी हातात तशीच धरून हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोर टोपी घालून मधे उभी होती, टोपी नाकापर्यंत आलेली. तव्यावरची भाकरी करपली. त्या दिवशी करपलेली भाकरी आम्ही तिघांनी वाटून खाल्ली आणि आत्याबाईंनी ओरडायचं सोडून देवापुढे गूळ ठेवला.

यांचं सगळं परत आलं नाही. नवा अभंग बसायला यांना अजून महिने लागतात, माणसांची नावं निसटतात, आणि वीणा यांनी पुन्हा कधी घेतली नाही. दादू दर वर्षी विचारतात, हे दर वर्षी मागच्या रांगेकडे बोट दाखवतात. पण हे घरात आहेत, आमच्यात आहेत, पोटभर जेवतात, रात्री गाढ झोपतात. यासाठी मी कुणाकुणाचे उपकार मानू? डॉक्टरांचे, त्या बिनदाताच्या बाबांचे, आत्याबाईंचे, आणि मान सोडून मागे जाऊन बसलेल्या या माणसाचे. या सगळ्यांना एका दोरीत ज्यानं ओवलं त्याच्यापुढे मी आता रोज दिवा लावते. पूर्वी मी त्याला विचारायची, तुझं काम तू कधी करणार? आता वात पेटवते आणि गप्प उभी राहते. आतून हे विचारतात, दिवा लावलास का गं? मी म्हणते, लावला. हेही म्हणतात, लावला. पुढचं ध्यानात ठेवायचं काम त्याचं, आम्ही मागचं उचलतो.